झाकण नसलेली किटली

माझी शिंक तीन घरं पलीकडे ऐकू जाते, असं माझी बायको म्हणते. मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात दोन घरांच्या मध्ये एवढी हिरवळ असते, की तिसऱ्या घरी जायला माणूस गाडी काढतो. तेव्हा तिच्या म्हणण्यात थोडं कौतुकही असावं, असं मी आपलं धरून चालतो.

म्हणूनच शेजारचे आजोबा आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर पहिल्यांदा शिंकले तेव्हा मी बघतच राहिलो. डोळे मिटले, नाक आक्रसलं, खांदे एकदा वर जाऊन खाली आले. आवाज शून्य. टीव्हीचा आवाज बंद करून कुणाला शिंकताना पाहावं तसं.

"डू इट अगेन!" माझी लेक ओरडली. ती तेव्हा बारा वर्षांची, सातवीत जाणारी.

"ऑर्डरप्रमाणे येत नाही ती," आजोबा म्हणाले.

"पण असं शिकलात कुठे?"

"गाईंच्या गोठ्यात. वर माळा होता, तिथे."

आम्ही सगळे हसलो. तेही हसले. पाहुण्याच्या प्रत्येक वाक्यावर हसायची आमच्याकडे पद्धत आहे आणि ती माझ्यामुळे पडली आहे. अमेरिकेत येऊन चौदा वर्षं झाली तरी समोरच्याच्या नेमक्या कुठल्या वाक्यात विनोद होता, याची मला खात्री नसते. म्हणून मी सरसकट हसतो. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला ऑक्टोबर उजाडला.

ही २००५ची गोष्ट. मी गाड्यांच्या सीटवर काम करणारा इंजिनियर. सगळ्या सीटवर नाही, तर सीट मागेपुढे सरकवायला खाली जो दांडा असतो, तेवढ्यावरच. नातेवाइकांना वाटतं मी गाड्या डिझाइन करतो आणि मी त्यांना तसं वाटू देतो. आजोबा आयुष्यभर एका मोटारीच्या कारखान्यात डाय बनवत होते, म्हणजे पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा दूर देशाच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी ते आमच्या डेकवर यायचे आणि आम्ही दोघं स्क्रू, बिजागऱ्या, पत्र्याची जाडी असल्या विषयांवर तासन्‌तास बोलायचो. माझी बायको आत जाऊन बसायची.

त्या वर्षी मे महिन्यात नाशिकहून माझी आई सहा महिन्यांसाठी आली. तिला इंग्रजी येत नाही, आजोबांना मराठी यायचं कारणच नव्हतं. दोघांचं तरीही जमलं. ती त्यांच्याशी मराठीत टोमॅटोंबद्दल बोलायची, ते इंग्रजीत टोमॅटोंबद्दल उत्तर द्यायचे. मी तिला 'आई' म्हणतो हे ऐकून तेही तिला 'आई' म्हणायला लागले.

"अरे, हे मला आई का म्हणतात? माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत ना?"

"त्यांना वाटतं ते तुझं नाव आहे."

"मग सांग की."

"सांगितलं. त्यांना आवडलंय."

यावर आईनं पदर सारखा केला आणि त्यांच्यासाठी थालीपिठं लावायला गेली. डबा गेला. दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ धुऊन, पुसून परत आला. रिकामा.

"माणूस चांगला आहे," आई म्हणाली, "पण वळण नाही लावलेलं कुणी."

कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चार दाणे साखरेचे तरी घालून द्यायचे, ही आपली रीत मी आजोबांना समजावून सांगितली. माझं इंग्रजी ऐकून त्यांना ती एखाद्या यंत्राची सुरक्षा सूचना वाटली असावी, कारण त्यांनी ती तितक्याच गांभीर्यानं पाळली. पुढचा डबा टोमॅटो भरून आला. त्याच्या पुढचा, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून, पाव इंची स्क्रू भरून आला. आईनं तेही आनंदानं ठेवून घेतले. डबा भरलेला असल्याशी मतलब.

मात्र ती रीत ऐकताना आजोबांनी मला मध्येच थांबवलं होतं. "कधीच रिकामं नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. मी हसलो. सांगितलं ना, सरसकट.

ऑक्टोबरमध्ये लेकीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. ओळखीतल्या एका वयस्कर माणसाची मुलाखत घ्यायची आणि त्याची एक जुनी वस्तू वर्गात नेऊन तिची गोष्ट सांगायची. मी तिला माझं नाव सुचवलं. "डॅड, यू आर नॉट ओल्ड, यू आर जस्ट टायर्ड," म्हणून ती शेजारी गेली.

तीन शनिवार ती आजोबांकडे बसली. तिच्या वहीतून मला जे कळलं ते असं. आजोबा मूळचे हॉलंडमधले ज्यू. जर्मनांनी देश घेतला तेव्हा ते लहान होते. सहा वर्षांचे असताना त्यांच्या आईनं त्यांना एका अनोळखी मुलीच्या सायकलवर मागे बसवलं आणि सांगितलं, ही म्हणेल तसं कर. आईवडलांना पुढे छावणीत नेलं. ते परत आले नाहीत. ती मुलगी दिवसभर सायकल मारून त्यांना एका शेतावर सोडून गेली. तिथल्या बाईनं त्यांना गोठ्याच्या माळ्यावर, गवताच्या मागे, दोन वर्षं ठेवलं. तिचं नाव त्यांना कुणी सांगितलं नाही. नाव माहीत नसलं की पोराच्या तोंडून ते निसटत नाही. ते तिला नुसतं 'तांते' म्हणायचे. म्हणजे मावशी.

खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हे तिथे शिकले ते. खाली बारा गाई होत्या, त्यांची ऊब फळ्यांतून वर यायची. रोज दोनदा दोरीला बांधून एक अ‍ॅल्युमिनियमची किटली वर यायची, कधी दूध, कधी बटाट्याचं सार. किटलीत लाकडी चमचा असला तर सगळं ठीक. चमचा नसला तर शेतावर कुणी परकं आलंय, हलायचं नाही.

"चमचा नाही, आणि सार तर समोर! मग तुम्ही काय करायचात?" लेकीनं विचारलं होतं. वहीत उत्तर होतं: "बोटांनी खायचो. पण हळू."

लढाई संपली आणि एक दिवस त्यांचा काका, घरातला एवढाच उरलेला, सैन्याच्या ट्रकमधून त्यांना न्यायला आला. ट्रकवाल्याला घाई. मावशीनं वाटेसाठी किटलीत दूध भरून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ट्रक सुटला. मागे पाहतात तो मावशी धावत येतेय. हात वर करून ओरडतेय. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

"ती किटली परत मागत होती," आजोबांनी लेकीला सांगितलं होतं. "लढाईत घरात भांडी किती असणार? जिनं मला वाचवलं तिची किटली घेऊन मी पळालो. परत द्यायची आहे. कुणाला द्यायची, कुठे, हेच माहीत नाही."

काका त्या दिवसांबद्दल कधी बोलला नाही, आणि आजोबा चौदा वर्षांचे असताना तोही गेला. आजोबांना गावाचं नाव माहीत नव्हतं. त्यांच्याकडे होती ती फक्त किटली. गॅरेजमधल्या कपाटात, हत्यारांच्या वरच्या फळीवर. चुलीवरच्या काजळीनं बाहेरून काळीकुट्ट झालेली, न धुतलेली. तिला झाकण नव्हतं. पोलाद केसाच्या रुंदीपर्यंत कापणाऱ्या माणसाला एक झाकण करायला अर्धा तास लागला नसता. त्यांनी केलं नव्हतं.

ती किटली त्यांनी लेकीच्या हातात दिली. सोमवारी वर्गात न्यायला. घराबाहेर पहिल्यांदाच जात होती ती.

लेकीनं ती शुक्रवारी आमच्या ओट्यावर ठेवली आणि मला बजावलं, "डॅड, आजीला सांग, प्लीज." मी हो म्हटलं. मी हो फार चटकन म्हणतो.

शनिवारी लेकीला घेऊन चार्ट पेपर आणायला गेलो. दिवाळी दहा दिवसांवर आली होती आणि घरात आई होती. दिवाळीआधी आई घरातलं प्रत्येक भांडं घासते. आमच्याकडे डिशवॉशर आहे, पण इथल्या बहुतेक मराठी घरांप्रमाणे त्यात आम्ही बटाटे-कांदे आणि मोठी पातेली ठेवतो. परत आलो तर ओट्यावर टॉवेल पसरलेला, त्यावर तीस-पस्तीस भांडी उपडी. मधोमध चांदीसारखी लखलखणारी किटली.

लेक दारातच थांबली. मी ओरडलो.

"आई! काय केलंस हे?"

"काय केलं? घासली. दोन लिंबं आणि अर्धा डबा सोडा गेला. एकटा पुरुष माणूस, त्याला कोण घासून देणार?"

"अगं, ती घासायची नव्हती! साठ वर्षं त्यांनी ती तशीच ठेवली होती!"

"साठ वर्षं?" आईनं गालाला हात लावला. "साठ वर्षं घासली नाही?"

मग मी तिला सगळं सांगितलं, शुक्रवारी सांगायला हवं होतं ते. माळा, दोरी, चमचा, मावशी. ऐकता ऐकता ती खुर्चीवर बसली. ओले हात मांडीवर तसेच.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

 खरं सांगायचं तर शुक्रवारी मी क्रिकेटचा स्कोअर बघत होतो.

आईनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "पण मग त्या बाईला परत का नाही पाठवली अजून? मागे नाव आहे की."

"कुठे?"

"तळाला. अक्षरं आपली नाहीत. पण ठोकलेलं नाव मला कळत नाही का?"

आईला न कळलं तर कुणाला? तिच्या प्रत्येक डब्यावर माझ्या वडलांचं नाव ठोकलेलं आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं आपला पदार्थ आणायच्या जेवणाला, बायका ट्रेच्या पोटाला नावाचा कागद चिकटवतात. तो पहिल्या धुण्यात निघतो आणि मग पुढचे सहा महिने फोनाफोनी चालते, कुणाचा चमचा, कुणाचं झाकण. आईचं भांडं मात्र कधी हरवत नाही. भांडं काय नि पोर काय, अंगावर घरचं नाव हवं, म्हणजे चुकलं तरी कुणीतरी आणून सोडतं, असं ती म्हणते.

पण माझ्या डोक्यात तेव्हा नाव वगैरे शिरलंच नाही. आजोबांना काय तोंड दाखवायचं, एवढंच घुमत होतं. मी इंग्रजीत चार वाक्यं जुळवली. आम्ही निघालो. मी, लेक आणि आई. आईनं निघताना किटलीत पाच बेसनाचे लाडू घातले.

"आई, आत्ता लाडू?"

"रिकामी नेऊ?"

आजोबांनी दार उघडलं. किटली पाहिली. हातात घेतली. अंगठा तिच्या पोटावरून एकदा फिरवला आणि अंगठ्याकडे पाहिलं. काळं काही लागलं नव्हतं.

"माझी बायको चाळीस वर्षं मागे लागली होती, घासते म्हणून," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तिला हात लावू दिला नाही."

माझी चारही वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. शेवटी आईच पुढे झाली. "भाऊ, चूक माझी आहे. मला माहीत नव्हतं," ती मराठीत म्हणाली. त्यांना शब्द कळले नाहीत, पण मान हलली. मग तिनं त्यांच्या हातातून किटली घेतली. "हे बघा, हे दाखवायचंय," म्हणत तळ दाखवायला तिनं ती फट्‌दिशी उपडी केली.

स्वतःच घातलेले लाडू ती विसरली होती.

पाचही लाडू पोर्चवर पडले. दोन फुटले, एक पायऱ्या उतरून ड्राइव्ह-वेच्या दिशेनं निघाला. लेक त्याच्या मागे धावली. मी, आई आणि आजोबा गुडघ्यांवर बसून उरलेले गोळा करायला लागलो. मी तरी आजोबांच्या नजरेला नजर देत नव्हतो. थोड्या वेळानं लक्षात आलं की तिघांपैकी एक जण लाडू उचलत नाहीये.

आजोबा किटलीचा तळ बघत होते. खिशातून त्यांनी भिंग काढलं. निवृत्तीनंतरही ते खिशात असायचं.

"हातानं ठोकलंय," ते म्हणाले. आवाज एकदम कारखान्यातला. "एकेक अक्षराचा वेगळा पोलादी ठसा, पंच. चार अक्षरं आणि नंबर. सहाचा पंच झिजलेला होता." मग भिंग खाली आलं. "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कामावर केसाएवढी रेघ शोधत होतो. हे माझ्या गॅरेजमध्ये होतं."

"बघ," आई मला मराठीत म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

पुढचं काम लेकीचं. इंटरनेटवर तिनं शोधून काढलं, की तिकडच्या खेड्यांत गावची डेअरी असायची, शेतकरी दूध घालायचे आणि ताक परत न्यायचे, आणि भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराचा नंबर असायचा. चार अक्षरं एका डेअरीच्या नावाची होती, त्यावरून गाव कळलं. त्या भागातल्या जुन्या वस्तू जपणाऱ्या एका मंडळाला तिनं ईमेलनं पत्र लिहिलं, फोटो जोडले. मी त्यात माझी भर घातली. किटलीचं मापासहित ड्रॉइंग. उंची, पोट, तोंडाचा व्यास, सगळं मिलिमीटरमध्ये.

"हे कशाला?" बायको म्हणाली. "त्यांना वाटेल आपल्याला अशा पाचशे करून हव्यात."

मलाही पाठवल्यावर तसंच वाटलं.

दिवाळी झाली. आजोबा रोज संध्याकाळी यायचे, टोमॅटो संपले तरी. "काही आलं?" असं विचारायचे नाहीत. नुसते कॉम्प्युटरच्या खोलीकडे बघायचे. एकदा मला म्हणाले, "सापडली नाही तर ठीकच आहे. सापडली तर मी काय सांगू तिला? साठ वर्षं ठेवून घेतली?" त्यांना ती सापडायला हवी होती आणि भेटायची भीतीही वाटत होती, हे माझ्यासारख्यालाही कळलं. मी त्या दिवशी हसलो नाही.

आईच्या विमानाला दोन दिवस उरले असताना उत्तर आलं. ते आजोबांसमोरच उघडायचं असं लेकीनं ठरवलं. आजोबा खुर्चीत, आम्ही सगळे मागे उभे, लेक मोठ्यानं वाचत होती.

लिहिणारा त्या शेतकरणीचा नातू होता. डेअरी कधीच बंद झाली, पण घरांच्या नंबरांची वही मंडळातल्या एकाच्या घरी होती आणि तो नंबर त्यांच्याच शेताचा निघाला. आजी ब्याण्णव वर्षांची आहे, ऐकू बरं येतं, दिसत नाही. फोटोंचा तिला उपयोग नव्हता. म्हणून त्यानं तिला ड्रॉइंगवरची मापं वाचून दाखवली. तोंडाच्या व्यासाचा आकडा ऐकल्यावर ती म्हणाली, भिंतीवरचं झाकण काढ आणि मोज. त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक अ‍ॅल्युमिनियमचं झाकण टांगलेलं आहे. कशाचं, असं लहानपणी विचारलं की आजी म्हणायची, मुलाचं. त्यानं मोजलं. जुळलं.

आजीचा निरोप होता: त्याला सांगा, मी झाकण घेऊन वळणापर्यंत धावले. ट्रक थांबला नाही. दूध नक्की सांडलं असणार.

लेक थांबली. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे डोळे मिटले, खांदे एकदा वर जाऊन खाली आले. मग पुन्हा. मला वाटलं शिंक येतेय. ती शिंक नव्हती. आवाज मात्र तसाच, शून्य.

माझ्या आईला इंग्रजीतलं एक अक्षर कळलं नव्हतं. तिनं जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "पाणी आण."

पाणी पिऊन आजोबा म्हणाले, "सांडलं होतं. पहिल्याच वळणावर. सगळं काकाच्या पँटवर." आणि मोठ्यानं हसले, एवढ्या मोठ्यानं की तीन घरं पलीकडे ऐकू गेलं असावं. या वेळी विनोद कुठे होता हे मला बरोब्बर कळलं.

आईनं जायच्या आदल्या दिवशी बेसन भाजलं. बॅगा अर्धवट भरलेल्या, बायको वजनकाट्यावर वाकलेली, आणि ही गॅसपाशी. पुढच्या आठवड्यात आजोबा हॉलंडला गेले तेव्हा किटली त्यांनी बॅगेत टाकली नाही, मांडीवर घेऊन बसले. आत अकरा लाडू, वर फॉइल. झाकण तिकडे होतं.

दहा दिवसांनी ते परतले ते किटली घेऊनच. मावशीनं ठेवून घेतली नाही. झाकण स्वतःच्या हातानं चाचपडत बसवलं, दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाली, आता ने. ट्रक थांबला असता तर आधीच अशी नेता आली असती.

मी नाशिकला फोन लावला. तिकडे सकाळ होती, आई चहा पीत होती. मी सगळं रंगवून सांगायला घेतलं. झाकण कसं बसलं, ब्याण्णव वर्षांच्या बाईनं अडुसष्ट वर्षांच्या माणसाला जेवताना 'सावकाश खा' म्हणून कसं सांगितलं.

"ते राहू दे," आईनं मध्येच तोडलं. "किटली रिकामी नाही ना आली?"

"नाही गं. सफरचंदाच्या वाळवलेल्या चकत्या आहेत. काठोकाठ."

"हं. बाई वळणाची आहे." मग तिनं विचारलं, "आणि लाडू? कसे म्हणाली?"

मी इथे खोटं बोलायला हवं होतं. माझी बायको मला समोरून खुणावतही होती.

"चांगले आहेत म्हणाली. फक्त जरा कोरडे वाटले. बरोबर दूध प्यावं लागलं."

फोनवर चहाचा एक घोट ऐकू आला.

"तूप कमी पडलं," आई म्हणाली. "तरी मी सुनबाईला म्हणत होते, अजून अर्धी वाटी दे, तर म्हणाली कोलेस्टेरॉल." कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. "ते परत कधी जाणार आहेत?"

"उन्हाळ्यात म्हणतायत."

"मग मला मेच्या आधी बोलाव," आई म्हणाली. "आणि त्यांना सांग, किटली स्वतः घासत जा. माझ्यावर राहू नका."